बिऱ्हाड आणि सरकार
लेखांक ६ : दुसऱ्याच्या घरातील तात्पुरती सोय

मुंबईच्या बी. डी. डी. चाळींसारखी घरे स्वतः बांधून ती भाड्याने देणाऱ्या सरकारचा विचार मागील लेखांकात झाला. आज, एकाचे घर घेऊन त्यात दुसऱ्याची सोय लावणाऱ्या सरकारकडे वळावयाचे आहे.

परंतु आधी, निवाऱ्याची सोय मुळात कोणी करावयाची हा प्रश्न येतो, आणि कसाऱ्याच्या स्थानकावर उतरणाऱ्यास त्याची एक बाजू ताबडतोब दिसते. थळ घाटाची ३७ फुटांत एक फूट अशी खडी चढण चढताना गाडीस जोडावी लागणारी इंजिने आणि ती चालविणारी माणसे हाकेच्या अंतरावर हवीत, हे ओळखून रेल्वेने येथे आपल्या नोकरांकरिता स्वतःची घरे बांधली. त्याच गावी बदली होऊन आलेल्या शिक्षकास किंवा तलाठ्यास मात्र मुख्यालयी राहण्याचा हुकूम आणि घरभाडे भत्ता एवढेच हाती येते. घर त्याने स्वतः शोधावयाचे, आणि न मिळाल्यास कल्याणहून लोकलने ये-जा करावयाची. हुकूम काढणे घर बांधण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते!

फाळणीनंतरच्या टंचाईत मुंबई सरकारने याहून कठोर मार्ग धरला होता. १९४८ च्या मुंबई जमीन अधिग्रहण कायद्यान्वये घर रिकामे झाले की मालकाने सरकारास वर्दी द्यावी, आणि सरकारने ते सार्वजनिक प्रयोजनार्थ ताब्यात घेऊन आपल्या पसंतीच्या इसमास द्यावे, अशी तजवीज होती. अधिग्रहण म्हणजे मालकी न घेता काही काळापुरता घेतलेला कबजा. परंतु हा काही काळ संपेचना. १९५१ साली अधिग्रहण झालेल्या मुंबईतील एका सदनिकेचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९८४ साली निकालात निघाला, तेव्हा तात्पुरत्या अधिकाराच्या आडून तीस वर्षे ताबा ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले, आणि १९९४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अधिग्रहणास वाजवी मुदतीची मर्यादा असते हे तत्त्व पुन्हा मान्य केले. आता शेकडो बिऱ्हाडे रस्त्यावर येणार, असे दिसताच राज्याने भाडेनियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून अशा रहिवाशांना भाडेकरूच ठरविले, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. रहिवाशांची चिंता खरी होती, हे मान्य करूनही मला ही मखलाशी वाटते; कारण जी गरज कायमची होती तिचा भार सरकारने आपल्या खजिन्यावर न घेता, त्याच भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सप्टेंबरातील भाड्याशी बांधलेल्या मालकाच्या खांद्यावर ठेवला.

आज शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत याच प्रश्नाने निराळे रूप घेतले आहे. बारावीनंतर शिकू पाहणाऱ्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी किंवा वारली मुलास सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास, २०१६-१७ पासून सुरू झालेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेखाली भोजन, निवास व निर्वाह यांचे पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जमा होतात, आणि खोली त्याने खाजगी मालकाकडून घ्यावी, अशी अपेक्षा असते. येथे मालकावर सक्ती नाही, ही १९४८ च्या मानाने मोठीच सुधारणा. परंतु त्या वेळी निदान घर सरकार मिळवून देत असे, आता घर मिळविण्याची यातायात अठरा वर्षांच्या मुलावर आली, आणि भाडे थकले किंवा मालकाने मध्येच खोली सोडावयास सांगितली तर त्याच्या मागे उभे राहण्यास करारनाम्यात सरकारचे नाव नाही. सरकारने स्वतः भाडेकरू व्हावे, दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीने वाजवी भाड्यावर इमारती घ्याव्यात, डागडुजी कोणी करावयाची हे करारात लिहून ठेवावे, आणि मग त्या मुलांना द्याव्यात, हाच मला सरळ मार्ग दिसतो.

योजना निघाली तेव्हा ठाण्यासारख्या शहराकरिता वर्षाचे ६०,००० रुपये ठरले, त्यांपैकी निवासाचे २०,०००. म्हणजे महिन्यास १,७०० रुपयांहूनही कमी. ज्या वाचकांनी अशा विद्यार्थ्यास खोली दिली असेल, किंवा अशा खोलीत राहून जे शिकले असतील, त्यांनी भाडे व अनामत रक्कम किती होती ते जरूर लिहून कळवावे; पुढील लेखांक त्या पत्रांवरच लिहावयाचा मानस आहे.