वणवा कुठे थांबतो?

मी चंद्रपुरात गणित शिकवतो. वणव्याचं गणित समजावताना मुलांना चौकटींचा कागद देतो. काही चौकोन झाडं म्हणून रंगवायचे, बाकीचे मोकळे. आग रंगवलेल्या चौकोनातून शेजारच्या चारच चौकोनांत, तेही रंगवलेले असले तरच, जाते. विखरून निम्मे चौकोन रंगवले तर ती थोडं अंतर जाऊन विझते. शंभरातले पासष्ट रंगवले तर बहुधा दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. खूप मोठ्या जाळीत हा पालट सुमारे ५९.३ टक्क्यांवर होतो. त्याच्या अलीकडे आग अडते, पलीकडे तिला टोकापर्यंत वाट सापडते.

खऱ्या जंगलात पाचोळा किती, किती वाळलेला, वारा कसा, उतार किती, हेही मोजावं लागतं. अमेरिकेत रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये मांडलेली समीकरणं यासाठी आजही वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या मॅकआर्थर यांचा आडाखा तर तोंडपाठ करावा असा: चढ दहा अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो.

मात्र प्रत्येक जंगलाचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लॉजपोल पाइनच्या जंगलात जळण साठायला कित्येक दशकं जातात. तिथे मोठी आग क्वचित लागते, पण लागली की शेंड्यांवरून धावते. १९८८ च्या दुष्काळात त्या उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला.

आमच्या ताडोबा-मेळघाटच्या पानगळीच्या जंगलात जळण दरवर्षी नव्याने पडतं. आग जमिनीलगत पसरते आणि बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागते. कुणी मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतो, कुणी तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून. त्यामुळे इथल्या गणितात दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या: ठिणगी कुठे पडते आणि पाचोळा किती सलग आहे.

वनखात्याच्या जाळरेषा, म्हणजे पाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे, ही सलगताच तोडतात. पण सागाची पानगळ मार्चमध्येही चालू असते. फेब्रुवारीत साफ केलेली रेषा पानांनी पुन्हा भरते आणि तुटलेले चौकोन पुन्हा जोडले जातात.

म्हणून जाळरेषा एकदा काढून भागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती पुन्हा झाडायला हवी आणि झाडणाऱ्या गावकऱ्यांना मजुरी वेळेवर मिळायला हवी. मोह वेचणाऱ्यांनीही पाचोळा पेटवू नये, झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी अंथरावी. वणवा लागल्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.