वरचा ओठ नसलेलं फूल

तुळशीची मंजिरी भिंगाखाली धरली, तर तिच्या इवल्याशा फुलाला वर एक आणि खाली एक असे दोन ओठ दिसतात. पुदिना, सब्जा यांची फुलंही साधारण अशीच. 'लॅमिएसी' कुळाची ही ठळक खूण. याच कुळातल्या जर्मँडरला मात्र वरचा ओठच नाही. पाकळ्यांचे पाचही खंड खालच्या एकाच ओठात सामावलेले, त्यामुळे पुंकेसर उघडेच बाहेर डोकावतात. एवढ्या खुणेवरून रानातही जर्मँडरची 'ट्यूक्रियम' ही प्रजाती ओळखता येते.

लिनियसने १७५३ साली ही प्रजाती नोंदवली. आज तिच्यात अडीचशेच्या आसपास जाती मोजल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक भूमध्य सागराभोवती आहेत. 'ट्यूक्रियम कॅमेड्रिस' हा रानटी जर्मँडर त्यांतलाच. बुंध्याशी काष्ठमय, वीतभर उंचीचं, गुलाबी-जांभळ्या फुलांचं हे झुडूप. दक्षिण व मध्य युरोप, उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराण हा त्याचा मूळ प्रदेश. चुनखडीचे कोरडे, उन्हाचे उतार त्याला मानवतात. ब्रिटनमध्ये जुन्या भिंतींवर तो दिसतो, पण तिथे तो बहुतेक ठिकाणी बागेतून निसटून रुळलेला आहे. झाड आज कुठे वाढतं, एवढ्यावरून ते मूळचं तिथलं ठरत नाही.

जर्मँडरचं एक नातं सह्याद्रीपर्यंत पोहोचतं. साग, निर्गुडी आणि पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी भारंगी पूर्वी घाणेरीच्या 'व्हर्बिनेसी' कुळात होती. १९९०च्या दशकात नव्या अभ्यासानंतर ती लॅमिएसीत आली. भारंगी तर जर्मँडरच्याच 'अजुगॉइडी' या उपकुळात बसते.

पण नातं जवळचं म्हणून गुणही तेच, असं नाही. युरोपात जर्मँडरचा काढा शतकानुशतकं घेतला जाई. फ्रान्समध्ये वजन घटवण्यासाठी त्याच्या कॅप्सूल निघाल्या आणि त्या घेणाऱ्यांतल्या काहींना यकृतदाहाने गाठलं. १९९२ साली तिथे त्यांवर बंदी आली. या झुडपातल्या 'ट्यूक्रिन ए' या घटकाचं रूपांतर यकृतातच विषारी पदार्थात होतं, हे पुढे प्रयोगांतून दिसलं.

म्हणून वजन घटवणारं परदेशी हर्बल उत्पादन विकत घेताना वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. तिच्यात जर्मँडर किंवा ट्यूक्रियम हे नाव असेल, तर ते घेऊ नका.