डायलिसिस केंद्रातील विषाणूचा माग

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावे लागते. चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या कामगारावर ही वेळ आली, तर त्याच्या सोलापूरच्या फेऱ्या वर्षाकाठी शंभरावर जातात आणि दर फेरीत त्याचे रक्त शरीराबाहेर येऊन परत आत जाते. समजा, अशा एका केंद्रातील तीन रुग्णांच्या रक्तात हिपॅटायटिस सी या यकृतरोगाचा विषाणू सापडला. सहा महिन्यांपूर्वी तो नव्हता. मग आला कोठून? नातेवाईक यंत्राकडे बोट दाखवतात, केंद्रचालक पूर्वी कधीतरी बाहेर चढवलेल्या रक्ताकडे, तर कोणी परिचारिकेला जबाबदार धरतात. हा वाद विषाणूच्या जनुकीय क्रमावरून कसा सोडवता येतो, ते पाहू.

हा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. त्याची सारी आनुवंशिक माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर, सुमारे 9,600 'अक्षरांत' लिहिलेली असते. त्याची नक्कल करणारे विकर लिहिलेले तपासून पाहत नाही, त्यामुळे चुका होतात आणि टिकतात. सरासरीने वर्षाला हजार अक्षरांमागे एखादे अक्षर बदलते. विषाणूच्या आवरणातील एका प्रथिनाचा छोटा भाग तर याहून झपाट्याने बदलतो. साहजिकच एकाच रुग्णाच्या शरीरातही काही काळाने एकमेकांहून किंचित भिन्न अशा विषाणूंचा थवा तयार होतो.

यापुढचा युक्तिवाद शिक्षकांना नवा नाही. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी आली म्हणून आपण कॉपीचा संशय घेत नाही. चुका सारख्या आल्या की घेतो. पण तीच चूक बाजारातल्या गाईडमध्ये छापलेली असेल तर? मग ती वर्गातल्या निम्म्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत सापडेल आणि तिच्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. विषाणूंच्या बाबतीत नेमकी हीच फसगत होते. हिपॅटायटिस सीचे आठ मुख्य जनुकप्रकार ज्ञात आहेत. भारतात प्रकार 3 सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल प्रकार 1. तेव्हा 'तिघांचाही प्रकार 3 आला, म्हणजे लागण केंद्रातच झाली' हे अनुमान गाईडमधील चुकीवरून कॉपी पकडण्यासारखेच आहे. प्रकार वेगळे आले तर मात्र ती लागण एकमेकांपासून झाली नाही, असे म्हणता येते.

म्हणून क्रम अक्षर-अक्षर वाचावा लागतो. त्याचबरोबर सोलापूर-मोहोळ परिसरातील, पण या केंद्रात कधीही न आलेल्या बाधितांचे नमुनेही घ्यावे लागतात. सर्व क्रमांची तुलना करून संगणक वंशवृक्ष काढतो. केंद्रातील रुग्णांचे विषाणू एकाच फांदीवर दाटीने आले आणि बाहेरचे दूर राहिले, तरच केंद्रावरचा संशय पक्का होतो. माझ्या मते बाहेरच्या नमुन्यांशिवाय काढलेला असा वृक्ष चौकशीत पुरावा म्हणून मांडूच नये.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे एका भूलतज्ज्ञाकडून रुग्णांना हिपॅटायटिस सीची लागण झाल्याचे प्रकरण गाजले. 2007 मध्ये त्याला शिक्षा झाली. त्यात 275 जणांची लागण त्याच्याकडून झाल्याचे दिसले. पण संशयितांपैकी 47 रुग्णांचे विषाणू वेगळ्या फांद्यांवर निघाले, म्हणजे त्यांना लागण दुसरीकडून झाली होती. दोषी शोधण्याइतकेच हे वगळणेही महत्त्वाचे आहे.

डायलिसिसपुरते बोलायचे तर 1994 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी एका केंद्रातील रुग्णांचे विषाणू असेच ताडून पाहिले. लागण केंद्रातच झाली होती, पण त्या रुग्णांनी एकच उपकरण वापरलेले नव्हते! मग विषाणू गेला कसा? अशा घटनांत बहुधा साध्या गोष्टी आढळतात: दोन रुग्णांच्या मध्ये न बदललेले हातमोजे, अनेकांसाठी वापरलेली हेपारिनची एकच कुपी, खाटेच्या कठड्यावर किंवा यंत्राच्या बटणांवर राहिलेला न दिसणारा रक्ताचा अंश. वाळलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक दिवस संसर्गक्षम राहू शकतो. बाधितांसाठी निराळे यंत्र ठेवले की काम झाले, असे अनेकांना वाटते. हिपॅटायटिस बीसाठी ते आवश्यकच आहे; सीच्या बाबतीत मात्र स्वच्छतेचे नियम काटेकोर पाळण्यावर भर दिला जातो. यंत्र निराळे आणि हातमोजे तेच, याला काय अर्थ?

कोणाकडून कोणाकडे, हे ठरवणे अधिक अवघड. नव्याने लागण झालेल्याच्या शरीरातील थवा लहान आणि बराचसा एकसारखा असतो. तो जुन्या रुग्णाच्या विविधतेत सामावलेला दिसला, तर दिशा सुचते. पण उशीर झाला की क्रम इतके बदलतात की नाते पुसट होते. त्यामुळे रुग्ण केंद्रात प्रथम येतो तेव्हाचा रक्तद्रव गोठवून ठेवलेला असेल तर फार उपयोग होतो. शिवाय प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात आणि डायलिसिसच्या रुग्णांत याहून उशीरही होतो; आरएनएची चाचणी मात्र एक-दोन आठवड्यांतच विषाणू दाखवते.

या रोगावर लस नाही, मात्र आता बहुतेक रुग्ण सुमारे 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य मिळतात. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात, पण ती नव्या लागणीपासून संरक्षण देत नाहीत. डायलिसिस तर चालूच असते. अशा रुग्णाच्या रक्तात पुन्हा विषाणू सापडला, तर तो उपचारातून निसटलेला जुनाच आहे की केंद्रातून नव्याने आलेला, हेही दोन्ही वेळचे क्रम शेजारी ठेवूनच ठरवावे लागते.