वैद्यकसेवकांचीं जुनीं खेळणीं : पारख व जतन

शिपायांचीं चित्रें जमविणारे बरेच आढळतात. वैद्य, हकीम, डॉक्टर, परिचारिका, डोलीवाले यांच्या जुन्या चित्रांकडे मात्र आमच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. मातीच्या वा शिशाच्या लहान बाहुल्यांस येथें आम्ही रूढीप्रमाणें चित्रेंच म्हणतों. शिपाई बंदुकीवरून ओळखतां येतो; वैद्य कशावरून ओळखावा?

हा उद्योग आमच्या प्रांतास अपरिचित नव्हे. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील पैठण व शेजारच्या जिल्ह्यांतील भोकरदन येथें सातवाहनकालीन मृण्मूर्ति सांपडल्या असून, त्यांपैकीं कांहीं दुहेरी साच्यांत घडविलेल्या व आंतून पोकळ आहेत. एकोणिसाव्या शतकांत पुण्याचीं मातीचीं चित्रें नांवाजलेलीं होतीं. नाना धंद्यांचे लोक त्यांत दाखवीत. तथापि खल घेऊन बसलेला प्रत्येक पुरुष वैद्य नव्हे. तो गंधीहि असूं शकेल. दाढी व पागोटें एवढ्यावरून हकीम ठरविणें तर केवळ धाडस होय.

शिशाच्या चित्रांत निराळी अडचण आहे. लंडनच्या ब्रिटन्स कारखान्यानें १८९३ सालीं पोकळ ओतकाम सुरू केलें. वितळलेला रस साच्यांत ओतावयाचा आणि कडेचा थर थिजतांच मधला रस उलटून टाकावयाचा, अशी ही युक्ति. धातु थोडी लागल्यामुळें किंमत उतरली. पुढें या कारखान्यानें लष्करी इस्पितळाचे डॉक्टर, परिचारिका, स्ट्रेचर व जखमी यांचे संच काढले. त्याचें शिशाचें काम १९६६ मध्यें बंद झालें.

या चित्रांची ओळख बहुतांशीं रंगांत असते. करड्या पोशाखावरील तांबडें खांदेवस्त्र ही ब्रिटिश लष्करी परिचारिकेची खूण. पांढऱ्यावर तांबडा क्रूस हें चिन्ह १८६४ च्या जिनीव्हा करारानें ठरलें. तुर्कांनीं पुढें १८७० नंतरच्या दशकांत त्याऐवजीं तांबडी चंद्रकोर घेतली. म्हणून चंद्रकोर दिसतांच चित्र निजामी मुलखांतलेंच, असा तर्क करूं नये.

सबब आमची संग्राहकांस आग्रहाची विनंति आहे कीं, उडालेला रंग पुन्हा देऊं नये. मोडक्या हाताच्या जागीं नवा हात बसवून त्यांत औषधांची पेटी देणें, हें जुन्या कागदांत नवें कलम घुसडण्यासारखेंच आहे. एकदां क्रूस नव्यानें रंगविला कीं, मुळांत तो होता किंवा नाहीं, हें सांगण्यास कोणी उरत नाहीं.

कच्च्या मातीच्या चित्रास पाणी लावूं नये. मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. शिसें कच्च्या लांकडाच्या पेटींत ठेवल्यास आम्ल वाफेनें त्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असल्यामुळें चित्र मुलांच्या हातीं देऊं नये व हाताळल्यावर हात धुवावे. छावणींतील बंगल्यांत वा जुन्या शहरांतील वाड्यांत असें चित्र मिळाल्यास तें कोणत्या घरीं, कोणत्या वस्तूंसमवेत मिळालें व घरचीं माणसें त्यास काय म्हणत, हें त्याच दिवशीं चिठ्ठीवर लिहून ती चित्रासोबत ठेवावी.