टायबेरियस, पण तेरचा

सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीचा टोलनाका लागतो. अश्विन पौर्णिमेला याच रस्त्यानं ‘आई राजा उदो उदो’ म्हणत पायी निघालेल्यांची रीघ असते. या वाटेच्या उत्तरेला तेरणेकाठी तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी वाटाड्या ग्रंथात त्याचं नाव तगर असं येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब त्यात दिला आहे. तगरचं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. उलट दिशेनं रोमन चांदी-सोनं येई. रोमन नाणी भडोचला बदलून घेण्यात नफा आहे, असंही तो ग्रंथकार सांगतो. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901मध्ये साधार मांडलं.

तेव्हा या पट्ट्यात नांगराच्या फाळाला एखादं परकं नाणं लागलं, तर त्यात नवल नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला एकोणिसाव्या शतकात रोमन सोन्याची नाणी निघाली होती. अवघड भाग पुढे येतो. नाणं नेहमीसारखं नसेल, चेहरा ओबडधोबड आणि अक्षरं वाकडीतिकडी असतील, तर ते ओळखायचं कसं?

मराठेशाहीत नाण्यांची पारख करायला पोतदार असे. वजन, कस आणि आवाज यांवर तो निकाल द्यायचा. आजचा नाणकशास्त्रज्ञही वजनापासूनच सुरुवात करतो. रोमन सम्राट टायबेरियसचा चांदीचा दिनार साधारण पावणेचार ग्रॅमचा, सोन्याचा ऑरियस पावणेआठच्या आसपास. पुढे इ.स. 64च्या सुमारास सम्राट नीरोनं दोन्ही हलके केले. म्हणून टायबेरियसचं नाव मिरवणारा दिनार नीरोनंतरच्या वजनात बसला, तर शंकेची पहिली पाल चुकचुकते. झीज, गंज यांची सूट द्यायची, पण डोळे मिटून नाही.

मग कड बघायची. रोमन नाणं साच्यात ओतलेलं नसे. तापवलेली चकती दोन ठशांमध्ये धरून वर हातोडा हाणत. त्या घावानं धातू बाहेरच्या बाजूला पसरतो आणि अक्षरांच्या मुळाशी बारीक रेषा उमटतात. ओतीव नकलेत त्या नसतात. तिथे बुडबुड्यांची बारीक भोकं असतात, उठाव साबणासारखे गुळगुळीत असतात आणि कडेला दोन साच्यांचा सांधा कानशीनं घासलेला दिसतो. भिंग चांगलं हवं, पण बघणाऱ्यानं आधी शंभर खरी नाणी बघितलेली हवीत, हे जास्त महत्त्वाचं.

अक्षरंही बोलतात. रोमन कोरक्या ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरत असे. गोलाई असलेला ‘यू’ दिसला, तर कारागीर बराच अलीकडचा. विशिष्ट गुरुत्व पाण्यात तोलून काढता येतं. शुद्ध सोन्याचं 19.3, चांदीचं 10.5. क्ष-किरणांचं यंत्र धातूचं मिश्रण सांगतं, पण वरच्या पातळ थरापुरतंच. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले खोटे दिनार खुद्द रोमन काळातही चालत, त्यांच्यापुढे एकटं यंत्र फसू शकतं. आणि बनावट करणारे हुशार असतातच. जर्मनीतला कार्ल बेकर (1772–1830) ताज्या नकला लोखंडाच्या किसात घालून त्यांचा डबा घोडागाडीला बांधून फिरवी, म्हणजे रस्त्याच्या धक्क्यांनी त्या जुन्या दिसत.

इथवरची कसोटी जगात कुठेही चालते. आपल्याकडे मात्र तिसरा एक प्रकार आडवा येतो आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो: दोन हजार वर्षांपूर्वी इथल्याच कारागिरानं केलेली रोमन नाण्याची नक्कल. तेरच्या मातीतून निघालेल्या वस्तूंमध्ये भाजलेल्या मातीच्या चकत्या आहेत. त्यांवर टायबेरियससारख्या रोमन सम्राटाचं मुंडकं आहे आणि वर ओवायला कडी. ती काही बाजारात चालवायची वस्तू नव्हे, गळ्यात घालायची. कोंडापूर आणि नेवाशालाही अशा चकत्या मिळाल्या. भारतात घडवलेले सोन्याचे नकली ऑरियसही आहेत. कैकांचं सोनं चोख आणि वजन जवळपास बरोबर, पण लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. एका बाजूला एका सम्राटाचा चेहरा, दुसरीकडे भलत्याच नाण्याची पाठ. बहुतेकदा डोक्याच्या वर दोन भोकं, म्हणजे लटकवल्यावर राजा सरळ दिसावा.

अशा वस्तूला युरोपातला एखादा घाईचा जाणकार ‘खोटं’ म्हणून बाजूला टाकेल. टाकू नये. ज्याला लॅटिन येत नव्हतं, पण सोनं आणि ठसा दोन्ही उत्तम कळत होते, अशा हाताचा तो पुरावा आहे. आणि हा हात नंतरही थांबला नाही. व्हेनिसचं डुकाट हे सोन्याचं नाणं दर्यावरून आलं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडता पाडता त्या आकृत्यांच्या काड्या केल्या आणि पुतळीमाळ तयार झाली. तुळजाभवानीच्या दागिन्यांतली पुतळ्यांची माळ शिवछत्रपतींनी वाहिल्याचं सांगतात. पुतळीला कुणी ‘बनावट डुकाट’ म्हणत नाही. तेरच्या टायबेरियसलाच तो न्याय का नको?

नाण्यावरच्या खुणाही नीट वाचाव्या लागतात. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला 1898मध्ये 501 ऑरियस निघाले; बहुतेकांच्या सम्राटाच्या गालावर छिन्नीचा घाव. आत सोनंच आहे ना हे बघायला, की हे नाणं आता चलनात नाही हे सांगायला, यावर वाद आहे. पण जुना, मातीनं भरलेला असा घाव खरेपणाच्या बाजूनं साक्ष देतो.

विचित्र नाण्यावरून तज्ज्ञ किती भांडू शकतात, याचं ताजं उदाहरण म्हणजे स्पॉन्सियन. 1713मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात सापडल्याचं सांगितलेलं हे सोन्याचं नाणं आज ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. या नावाचा सम्राट इतिहासात दुसरीकडे कुठेच भेटत नाही. नाणं ओतीव, आणि पाठीवर इ.स.पू. 135च्या एका दिनाराची नक्कल, म्हणजे काळाचा मेळ नाही. शतकभराहून अधिक काळ ते खोटं ठरलेलं होतं. 2022मध्ये पॉल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी त्यावरचे ओरखडे आणि पृष्ठभागाला चिकटलेले मातीचे खनिज कण तपासून ते खरं ठरवलं. अनेक नाणकशास्त्रज्ञांनी ते लगेच नाकारलं. माझा कौल नाकारणाऱ्यांकडे आहे: ओरखडे आणि माती पैदा करता येतात, पण साच्याची घडण आणि मजकूर यांच्यातली विसंगती पुसता येत नाही.

त्या वादाचं मूळ एवढंच की नाणं नेमकं कुठे, कशासोबत निघालं याची नोंद कुणी केली नव्हती. आपल्याकडेही तोच तोटा होतो. शेतात सापडलेलं नाणं आधी चिंचेनं घासलं जातं, मग सराफाकडे जातं आणि थरासोबत पुरावाही धुऊन निघतो. दुसरीकडे ‘खोदकामात घबाड लागलंय’ म्हणत एक अस्सल नाणं दाखवून पितळेच्या पिशव्या गळ्यात मारणारे भामटे आहेतच.

म्हणून नाणं निघालं तर ते घासायचं नाही. खड्ड्याची जागा, खोली, शेजारची खापरं यांचा फोटो काढायचा. 1878च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे आणि 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. तामलवाडीहून तेर दूर नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं शासकीय संग्रहालय तिथे आहे. तुलनेला तिथलीच तगरची माती हाताशी मिळते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. खरं-खोटं तिथे ठरेल. ते आधी तेरचं आहे का, हा प्रश्न मात्र नाणं दाखवताना आपणच विचारायचा.