पोराच्या हाती फोन आहे, हिशोबही द्या



ऊसबिल जमा झाल्याचा बँकेचा संदेश बहुतेक घरांत पोरगाच वाचून दाखवतो. फोन त्याच्या हाती, पण व्याज कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसते. शेकडा २ रुपये महिना ऐकायला किरकोळ वाटते. लाखाला वर्षाचे २४,००० होतात! पीककर्जाच्या ७ टक्क्यांनी ७,०००. हे त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्यावे.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज' ही फसवणुकीच्या चाळीस गोष्टींची पुस्तिका काढली. त्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. रोज एक गोष्ट वाचून घ्या. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढे डोक्यात बसले तरी पुष्कळ झाले. झटपट श्रीमंतीचे व्हिडिओ मात्र बघू नयेत असे माझे मत. पोरे ऐकतील तेव्हा खरे.

जादा व्याजाचे आमिष दाखवून कोणी ठेव मागू लागला, तर त्याला तशी परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पोराकडून बघून घ्यावे. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.