नातीचे विद्यापीठांतर

पदवीच्या मध्यावर एक विद्यापीठ सोडून दुसऱ्या अधिक नामांकित विद्यापीठात जाता येते, ही गोष्ट परवापरवापर्यंत आम्हांस ठाऊक नव्हती. आम्ही मॅट्रिक झालो आणि पुढल्याच आठवड्यात संयोगितागंजच्या धान्यमंडीत वडिलांच्या गादीवर बसलो. महाविद्यालय बदलण्याचा प्रश्न आमच्यापुढे उद्भवलाच नाही. परंतु एका दिवाळीस वहीपूजन आटोपल्यावर आमची नात, जी शहरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास होती, आम्हांस म्हणाली, "आजोबा, मला पुढची दोन वर्षं अमेरिकेत शिकायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी अर्ज करणार नाही." या शेवटच्या वाक्याने आमची पंचाईत केली. आता आपल्या संघाच्या दोन-तीन सभासदांनीही आपापल्या मुलांविषयी हीच विचारणा केल्यामुळे, संपादक महाशयांच्या सूचनेवरून ही हकीगत येथे देत आहोत.

आमचा पहिला प्रश्न साहजिकच असा होता की, एवढ्या लांब कशासाठी? आपल्याच देशात एखादी मोठी संस्था का नको? चौकशी केली तेव्हा समजले की, आय. आय. टी.सारख्या संस्था पदवीच्या मध्यावर बाहेरचा विद्यार्थी घेत नाहीत. दिल्ली विद्यापीठात जावयाचे तर २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी ही परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची एक पेढी निर्माण केली आहे. विद्यार्थ्याने एके ठिकाणी मिळविलेले श्रेयांक तेथे जमा राहतात व दुसऱ्या संस्थेत वापरता यावेत असा तिचा हेतू आहे. हेतू उत्तम. परंतु हुंडी लिहिणे निराळे आणि ती समोरच्या पेढीवर सकारली जाणे निराळे, हे मंडीतील माणसास सांगावयास नको.

पूर्वीच्या काळी आपली हुशार मुले याच अडचणीतून गेली आहेत. डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली काशी हिंदू विद्यापीठाचे पदवीधर होऊन केंब्रिजला गेले, आणि तेथे पुन्हा पदवीच्याच परीक्षेस बसून रँग्लर झाले. आपल्या इंदूरची गंमत तर याहून वेगळी. १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय पुढे आग्रा विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ झाले आणि १९६४ साली इंदूरचे स्वतःचे. म्हणजे विद्यार्थी जागचा हलला नाही तरी विद्यापीठ बदलत गेले!

अमेरिकेत मात्र मध्येच विद्यापीठ बदलणे ही रोजची रीत आहे. तेथील पदवी साधारणतः १२० श्रेयांकांची, वर्षाला ३० याप्रमाणे चार वर्षांची. पहिली एक-दोन वर्षे एकीकडे व उरलेली दुसरीकडे, असे करणारी मुले तेथे पुष्कळ आहेत. परंतु नामांकित विद्यापीठांची दारे सारखी उघडी नसतात. प्रिन्स्टनने १९९० पासून असे विद्यार्थी घेणे बंद केले होते, ते २०१८ साली पुन्हा सुरू केले. हार्वर्ड फारच मोजके घेते. कॉर्नेल विद्यापीठ त्या मानाने अधिक घेते, व तेथे शेतमालाच्या अर्थशास्त्राचे मोठे शिक्षण आहे हे ऐकून आमचा विरोध थोडा निवळला, हे कबूल केले पाहिजे. डॉलर म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे डॉलर चनाच येतो. त्याचे भाव का चढतात व का पडतात हे कोणी विद्यापीठात शिकवीत असेल तर नातीने शिकावे, असे वाटले.

तिने पाच ठिकाणी अर्ज केले. अर्जाबरोबर दोन प्राध्यापकांची पत्रे, आतापर्यंतच्या सर्व गुणांचा तपशील, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि 'आहे ते विद्यापीठ सोडून येथे का यावयाचे' याविषयी निबंध द्यावा लागतो. शाळेतील गुण पाहतात, पण खरी पारख होते ती सध्याच्या महाविद्यालयातील कामावरून. पोत्यात परखी खुपसून जो दाणा हाती येतो त्यावर भाव ठरतो. मागल्या सालचा माल कसा होता हे कोणी विचारीत नाही. जावयाचेच आहे म्हणून चालू वर्षात दुर्लक्ष करणाऱ्याचा अर्ज तेथेच बुडतो. नातीने त्या वर्षी एकही तास चुकविला नाही.

निबंधाचा पहिला मसुदा मात्र आम्हांस रुचला नाही. मुलाने आम्हांस तो मराठीत समजावून सांगितला. त्यात आपल्या महाविद्यालयाच्या उणिवांचाच पाढा होता. आम्ही म्हटले, "अगं, जे गिऱ्हाईक आमच्या दुकानात येऊन आधीच्या दुकानदाराची निंदा करतं, त्याला आम्ही उधार देत नाही." ती दोन दिवस रुसली. मग तिने दुसरा लिहिला. त्यात छावणीच्या मंडीतील लिलाव, शेतकऱ्याच्या हाती पडणारा पैसा आणि आपल्याला काय मोजावयास शिकावयाचे आहे, एवढेच होते. तो आम्हांस आवडला.

गुणांची भानगड निराळीच. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे प्रथम श्रेणी. तेथे ६० टक्के म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. नातीच्या ७१ टक्क्यांवर आम्ही पेढे वाटले होते, ते अमेरिकेत सामान्य ठरावयाचे! म्हणून गुणपत्रिकेबरोबर येथील श्रेणींचा खुलासा महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यानिशी पाठवावा लागतो, आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही. कार्यालयातील गृहस्थांनी असा कागद पूर्वी कधी केला नव्हता. चार खेपा झाल्या. ज्या प्राध्यापकांकडे पत्र मागावयास ती घाबरत गेली, त्यांनी मात्र पत्र तर दिलेच, वर आपल्या कपाटातील दोन पुस्तकेही दिली.

मार्चमध्ये अर्ज गेले. मे महिन्यात उत्तरे आली: तीन नकार, दोन होकार. होकारांपैकी एक विद्यापीठ असे की ज्याचे नाव ऐकून व्याह्यांनी लगेच अभिनंदनाचा फोन केला. दुसऱ्याचे नाव घरात कोणासही ठाऊक नव्हते.

येथे आम्ही वही उघडून बसलो. मोठ्या विद्यापीठाने शुल्कात काहीही सूट दिली नाही, आणि दोन वर्षांच्या अभ्यासाचे केवळ ३८ श्रेयांक मान्य केले. १२० मधून ३८ गेले की ८२ उरतात. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. दुसऱ्याने निम्म्याहून थोडी कमी सूट दिली व ५४ श्रेयांक मान्य केले. उरले ६६, म्हणजे दोन वर्षे आणि वर दोन विषय. वर्षाचे शुल्क किती हे सर्वजण विचारतात. वर्षे किती, हे होकार आल्यावर कळते, आणि तेव्हा अनामत भरावयास थोडेच दिवस हाती असतात. ज्यांची मुले जाऊ पाहतात त्यांनी हा आकडा लेखी मागवून घ्यावा, मगच पैसे भरावेत.

दुसरी अडचण खास आपल्या धंद्याची. व्हिसासाठी विद्यापीठ जो कागद देते, त्याकरिता पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम दाखवावी लागते. मे महिन्यात आमची सारी रक्कम गव्हात. गोदाम भरलेले, उधारी पसरलेली, आणि बँकेच्या खात्यात व्यापाऱ्याची अब्रू राहील एवढेच. शेवटी दोनशे क्विंटल गहू आम्ही भाव चढण्यापूर्वीच काढला, आणि बाकीचे शैक्षणिक कर्ज घेतले. गहू पुढे चढला. ते असो.

मोठे नाव सोडावयाचे हे नातीनेच ठरविले. एका रात्री ती खूप रडली. तिची आजी तिच्याजवळ बसून राहिली. आजीस नावाची चिंता नव्हती; वसतिगृहात सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, एवढेच तिचे विचारणे. नातीने तेथल्या हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळतो असे सांगितले, तेव्हा आजी अधिकच चिंतेत पडली.

ऑगस्टमध्ये ती गेली. पहिल्या सत्राचे गुण चांगले आहेत. उरलेले दोन विषय ती उन्हाळ्याच्या सुटीत पुरे करणार आहे. त्यांचे शुल्क आम्ही वेगळ्या खात्यावर लिहून ठेवले आहे.